‘हलवू नका’ एवढंच शिकवून थांबू नका: प्रथमोपचार शिकवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
प्रथमोपचाराचे वर्ग घेणारे सर्व प्रशिक्षक आणि या वर्गांचे अभ्यासक्रम ठरवणारी मंडळी,

स. न. वि. वि.

तुमच्या बहुतेक वर्गांत पाठीच्या कण्याच्या इजेला शेवटची उरलीसुरली मिनिटं मिळतात. रक्तस्राव, भाजणं, मोडलेली हाडं असं सगळं झालं की एक स्लाइड येते: कणा दुखावल्याची शंका असेल तर माणसाला हलवू नका. परीक्षेत तोच प्रश्न, तेच उत्तर, पूर्ण मार्क. उत्तर चुकीचं नाही. पण ते अर्धं आहे, आणि अपघाताच्या जागी हे अर्धं उत्तर कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं.

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसांच्या पुनर्वसनाचं काम मी करते. माणूस माझ्यापर्यंत येतो तोवर रुग्णवाहिका, ऑपरेशन, आयसीयू हे सगळं मागे पडलेलं असतं. तरी ‘पडल्यावर पुढे काय झालं?’ हे मी विचारतेच. उत्तरं साधारण दोन जातींची असतात. एका जातीत चार जणांनी हातपाय धरून उचललेलं असतं, मान लोंबत असते, आणि मग गाडीच्या मागच्या सीटवर माणसाची घडी घालून त्याला नेलेलं असतं. दुसऱ्या जातीत कुणीतरी ‘हात लावू नका, मणक्याला लागलं असेल’ असं ओरडतं आणि सगळे गोल करून उभे राहतात. पडलेल्याला उलटी होते, श्वास घुरघुरायला लागतो, तरी गोल हलत नाही. पहिल्या प्रकाराबद्दल तुम्ही पोटतिडकीने बोलता, ते योग्यच आहे. दुसऱ्या गोलात मात्र ओरडणारा बऱ्याचदा तुमचा वर्ग केलेलाच असतो.

म्हणून माझं मागणं एवढंच: काय करू नये हे सांगून झाल्यावर हातांनी काय करायचं तेही शिकवा. आणि कधी हलवायलाच हवं, हे तितक्याच ठामपणे शिकवा.

कारण आधी. मज्जारज्जू म्हणजे करंगळीएवढ्या जाडीची, मोठ्या माणसात साधारण ४५ सेंटिमीटर लांबीची मऊ दोरी. मेंदूच्या बुडापासून निघून ती कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते. तिच्यावर पहिला घाव अपघाताच्या क्षणी बसतो. तो तुम्ही, मी किंवा सर्जन, कुणीही परत घेऊ शकत नाही. दुसरा घाव त्यानंतरच्या मिनिटांत आणि तासांत बसत जातो: सूज वाढते, रक्तदाब पडतो, ऑक्सिजन कमी पडतो आणि धक्क्यातून वाचलेल्या पेशीही मरायला लागतात. मोडलेला मणका सरकला तर त्यात आणखी भर. प्रथमोपचाराचा सगळा संबंध या दुसऱ्या घावाशी आहे. हे एकदा डोक्यात बसलं की श्वास आणि मणका यांत निवड करायची आहे असं वाटेनासं होतं. ज्याचा श्वास अडकलाय त्याच्या मज्जारज्जूलाही ऑक्सिजन मिळत नाही. श्वासमार्ग मोकळा ठेवणं हाही कण्याचाच प्रथमोपचार आहे. तुमच्या वर्गात हे वाक्य मी अजून ऐकलेलं नाही.

आता ओळखण्याबद्दल. इथे तुमची यादी लक्षणांपासून सुरू होते: मान दुखते, हातपाय बधिर होतात, लघवी-संडासवरचा ताबा जातो. माझं म्हणणं, सुरुवात मार कसा बसला यापासून करा. लक्षणं उशिरा उमटू शकतात आणि बेशुद्ध माणूस काहीच सांगत नाही, पण घटना समोर दिसत असते. कॅनडातल्या डॉक्टरांनी २००१ साली मानेच्या इजेसाठी एक नियम प्रसिद्ध केला. तो शुद्धीवरच्या रुग्णाचा एक्स-रे काढायचा की नाही हे ठरवण्यासाठी आहे, आपल्यासाठी नाही. पण त्यातली धोकादायक घटनांची यादी शिकवायला फार सोयीची आहे. १ मीटर किंवा ५ पायऱ्यांवरून पडणं, डोक्यावर उभा भार येणं (उथळ पाण्यात सूर मारणं हे त्याचं ठरलेलं उदाहरण), गाडी उलटणं, गाडीबाहेर फेकलं जाणं, ताशी १०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगात टक्कर, सायकलची धडक. शिवाय वय ६५ किंवा त्याहून जास्त असणं. यातलं काही असेल तर दुखत असो वा नसो, शंका धरायची. त्याच नियमात शेवटी रुग्णाला मान दोन्ही बाजूंना ४५ अंश फिरवायला सांगतात. ती पायरी तुमच्या विद्यार्थ्यांच्या हाती चुकूनही देऊ नका. ‘बघा बरं, मान फिरतेय का’ हे रस्त्यावरचं वाक्य जितक्या लवकर बंद होईल तितकं बरं.

त्या यादीत मी दोन गोष्टी जोडेन. उंचावरून पायांवर पडलेला माणूस टाच धरून ओरडत असतो आणि सगळ्यांचं लक्ष टाचेकडे जातं. टाचेचं हाड फोडणारा जोर तिथेच थांबत नाही, तो पायातून कमरेच्या मणक्यांपर्यंत जातो. टाच मोडली असेल तर कंबर शाबूत नाही असं धरूनच चला. दुसरी खूण पोटावरची: सीटबेल्टचा आडवा काळानिळा वळ बेंबीच्या आसपास दिसला, तर आतड्यांना आणि कमरेच्या मणक्याला एकत्र मार असू शकतो. कंबरेचा पट्टा पोटावर चढला की गाडी थांबते, पण वरचं धड पुढे जातं आणि मणका मागून फाटल्यासारखा उघडतो.

सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे ‘चालत आला म्हणजे मणका ठीक आहे’. मणका मोडलेला असून मज्जारज्जू अजून वाचलेली असू शकते. अशाच माणसाला जपायचं असतं, कारण गमावण्यासारखं सगळं त्याच्याकडे अजून शिल्लक आहे. वयस्कर माणसांची गोष्ट तर आणखी वेगळी. त्यांच्या मानेचे मणके झिजून आतली जागा आधीच अरुंद झालेली असते. साधं चालताना तोल जाऊन हनुवटी किंवा कपाळ आपटलं, मान मागे गेली, की मज्जारज्जू मधोमध चेपली जाते. अशा वेळी हात पायांपेक्षा जास्त लुळे पडतात. आजोबा उठून चालतात, पण पेला धरता येत नाही, शर्टाचं बटण लागत नाही. घरचे म्हणतात, घाबरलेत, थोडं पडू दे. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘दोन्ही हातांनी माझी बोटं दाबा’ असं सांगायला तुमच्या विद्यार्थ्याला शिकवलंत, तर हे अर्ध्या मिनिटात कळेल.

तपासणी एवढीच ठेवा. माणूस आहे तसा पडलेला असू द्या. त्याला विचारा: मानेत किंवा पाठीच्या मधोमध दुखतंय का? हातापायांत मुंग्या, जळजळ, बधिरपणा आहे का? बोटं दाबता येतात का, पावलं वर-खाली होतात का? पायाच्या अंगठ्याला हात लावा, करंगळीला लावा, कुठे लावला ते न बघता सांगू द्या. उठवून बसवायचं नाही, ‘पाय वर उचला’ असं म्हणायचं नाही. आणि उत्तरांवर आंधळा विश्वासही ठेवायचा नाही. दारू प्यायलेला, डोक्याला मार लागून बरळणारा, किंवा मांडीचं हाड मोडून त्या वेदनेने तळमळणारा माणूस मान दुखत नाही म्हणाला, तरी ते धरून चालायचं नाही. मोठी वेदना लहान वेदनेला झाकते.

श्वासाकडे बघायला शिकवा. श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू) हलवणाऱ्या नसा मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून निघतात. इजा त्याच्या खाली असेल तर श्वासपटल चालतं, पण बरगड्यांमधले स्नायू थांबतात. मग छाती वर येत नाही, श्वासागणिक नुसतं पोट फुगतं, आणि बोलताना दोन-तीन शब्दांनंतर दम लागतो. हे दिसलं तर रुग्णवाहिकेला पुन्हा फोन करून सांगायची गोष्ट आहे. आणखी एक खूण आहे, ती सांगताना वर्गात खुसखुस होते म्हणून बरेच जण गाळतात: मज्जारज्जूच्या मोठ्या इजेत पुरुषाच्या लिंगाला आपोआप ताठरता येऊ शकते. खुसखुस होऊ द्या, पण सांगा.

त्वचेचंही तसंच. रक्तस्रावाने खचलेला माणूस गार, घामेजलेला असतो आणि नाडी धावत असते. मज्जारज्जू वरच्या भागात तुटली असेल तर रक्तदाब पडतो, पण त्वचा कोरडी, उबदार असते आणि नाडी मंद. दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून आधी बाहेर वाहणारं रक्त शोधायचं आणि दाबून थांबवायचं. शॉक (रक्तदाब पडून माणूस असा खचणं) दिसला की पाय उंच करण्याची सवय इथे सोडायला लावा.

आता डोकं धरण्याबद्दल. या पत्राचा सगळ्यात मोठा भाग मी यालाच देणार आहे, कारण वर्गात याला सर्वांत कमी वेळ मिळतो.

माणूस शुद्धीवर आहे, जागा सुरक्षित आहे. त्याच्याकडे पायांच्या बाजूने, त्याला दिसेल असं या. बाजूने येऊन ‘अहो, काय झालं?’ म्हटलंत की तो आवाजाच्या दिशेला मान वळवणारच. समोरून येऊन पहिलं वाक्य हे: ‘हलू नका, मान वळवू नका. मी बोलेन, तुम्ही तोंडानेच उत्तर द्या, मान हलवून हो-नाही करू नका.’ हे शेवटचं सांगितलं नाही तर तुमच्या प्रत्येक प्रश्नाला तो मान डोलावत राहतो. मी हे प्रात्यक्षिकात पुन्हा पुन्हा पाहिलंय. विद्यार्थी काळजीपूर्वक डोकं धरतो, आणि दुसरा विचारतो, ‘बरं वाटतंय का?’, आणि खोटा रुग्ण खरीखुरी मान हलवतो.

मग डोक्यामागे जा. पोटावर पालथं पडून कोपरं जमिनीला टेकवा, नाहीतर गुडघ्यांवर बसून कोपरं मांड्यांना टेकवा. कोपर अधांतरी राहिलं तर हात थोड्याच वेळात थरथरायला लागतात. तळवे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, बोटं जबड्याच्या कोनापर्यंत पसरलेली, कान मोकळे. कान झाकले की त्याला ऐकू येत नाही, ऐकू आलं नाही की तो घाबरतो, आणि घाबरला की हलतो. ओढायचं नाही. ‘मान जरा ताणून धरा’ हा सल्ला कुठून आला कोण जाणे, पण तो अजून फिरतो. फक्त जसं आहे तसं धरायचं. मान वाकडी असेल तर ती सरळ करायला जाऊ नका. श्वासाला अडथळा होत असेल तेवढ्यापुरतीच ती हलवायची, तीही हळूहळू. कळ आली किंवा अडल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा.

आणि माणूस धरू देत नसेल तर? झटापट करू नका. धड हलत असताना डोकं जबरदस्तीने दाबून ठेवलं तर सगळा पीळ मानेवरच येतो. बोलून शांत करा आणि त्याला सोयीच्या स्थितीत राहू द्या. पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखी नसली तरी त्याची स्थिती बऱ्याचदा त्याच्यासाठी सर्वांत कमी त्रासाची असते. लहान मुलांना हे दुप्पट लागू. मुलाला आईपासून दूर करून सरळ झोपवायच्या नादात ते जेवढं तडफडतं, तेवढं आईने जवळ बसून धरलं तर हलत नाही. आणखी एक: लहान मुलाचं डोकं धडाच्या मानाने मोठं असतं. सपाट जागेवर झोपवलं की मान आपोआप पुढे वाकते. खांद्यांखाली आणि पाठीखाली दुमडलेला टॉवेल घातला की मान सरळ येते. मुलांच्या बाबतीत एक्स-रे स्वच्छ असूनही मज्जारज्जूला इजा असू शकते आणि लक्षणं काही तासांनीही येऊ शकतात. ‘मघाशी मुंग्या आल्या होत्या, आता गेल्या’ हे वाक्य म्हणूनच डॉक्टरांपर्यंत पोचायला हवं.

कॉलरबद्दल माझं मत कडक आहे. प्रथमोपचाराच्या वर्गात मानेची कॉलर बांधायला शिकवणं बंद करा. पुनरुज्जीवनाची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या इल्कोर या आंतरराष्ट्रीय समितीने २०१५ सालीच प्रथमोपचारकांनी कॉलर वापरू नये असं सुचवलं आहे. पुरावा भक्कम दर्जाचा नाही हेही त्यांनी तिथेच म्हटलंय, पण कल स्पष्ट आहे. कॉलर बांधताना मान हलते, चुकीच्या मापाची असेल तर मान ताणली जाते, गळ्यातल्या शिरांवर दाब येऊन डोक्यातला दाब वाढतो, उलटी झाली तर तोंड उघडणं अवघड होतं. शिवाय कॉलर लागली की धरणारा हात सोडतो आणि मोबाइल काढतो, हा माझा आक्षेप कुठल्याही मार्गदर्शक तत्त्वात सापडणार नाही. पुठ्ठ्याची किंवा वर्तमानपत्राची कॉलर दाखवणारे व्हिडिओ तर सरळ काढून टाका.

आता ज्या गोलाबद्दल सुरुवातीला लिहिलं, त्याच्याकडे. माणूस बेशुद्ध, पाठीवर पडलेला, श्वास चालू, पण घुरघुर ऐकू येतेय. बेशुद्धीत जीभ मागे पडते, तोंडात रक्त किंवा उलटी साचते. त्याला ‘हलवायचं नाही’ म्हणून तसाच ठेवला तर तो मणक्याने नाही, गुदमरून मरेल. त्याला कुशीवर वळवायचं, आणि मदतनीस एकटा असला तरी वळवायचं. ज्या कुशीवर वळवायचं त्या बाजूचा हात डोक्याच्या वर सरळ लांब ठेवा, दुसरा हात छातीवर आडवा घ्या. पलीकडचा गुडघा वाकवा. मग खांदा आणि कंबर एकाच वेळी धरून धड एकसंध वळवा. डोकं लांब केलेल्या दंडावर टेकतं आणि मान बाजूला कलंडत नाही. दोन्ही गुडघे वाकवून ठेवले की शरीर लोळत नाही. तोंड किंचित जमिनीकडे, म्हणजे जे यायचं ते बाहेर येईल. तीन-चार जण असतील तर एक जण डोकं धरेल आणि हुकूम फक्त त्याचा चालेल. बाकीच्यांनी खांदा, कंबर, पाय धरून त्याच्या ‘एक, दोन, तीन’वर वळवायचं. सराव करताना बघा, हुकूम नेहमी सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस द्यायला लागतो. त्याला थांबवा.

श्वास चालू नसेल, किंवा अधूनमधून नुसते उसासे येत असतील, तर कण्याचा विचार तिथेच बाजूला ठेवून सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं. तोंडाने श्वास द्यायचा तर सामान्य माणसाने डोकं मागे कलतं करून, हनुवटी उचलूनच द्यायचा. जबडा पुढे ढकलण्याची पद्धत प्रशिक्षित हातांसाठी आहे. नवख्या हातांना ती जमत नाही आणि त्या धडपडीतही मान हलतेच. पुढच्या परीक्षेत हाच प्रसंग प्रश्न म्हणून घाला, आणि ‘हलवणार नाही, रुग्णवाहिकेची वाट पाहीन’ असं लिहिणाऱ्याला मार्क देऊ नका.

हलवायलाच लागेल असे बाकीचे प्रसंग मोजके आहेत: आग, धूर, वाढतं पाणी, कोसळणारी भिंत, अंगावर येणारी वाहनं. तेव्हा कण्याच्या रेषेत, डोक्याच्या दिशेने ओढा. खांद्याजवळचे कपडे मुठीत धरा आणि त्याचं डोकं आपल्या दोन मनगटांमध्ये राहू द्या. आडवं ओढू नका, एका हाताला धरून तर नाहीच. गाडीत अडकलेला माणूस शुद्धीवर असेल आणि धोका नसेल, तर त्याला बाहेर काढायची घाई कशाला? मागच्या सीटवर बसा, सीटच्या टेकूच्या दोन्ही बाजूंनी हात घालून डोकं धरा आणि बोलत राहा. निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या अभ्यासांत एक गंमत दिसली: शुद्धीवरचा माणूस सूचना ऐकत स्वतः गाडीबाहेर आला, तेव्हा त्याची मान इतरांनी उपकरणं लावून बाहेर काढताना हलली त्यापेक्षा कमी हलली. मदत लांब आहे, धोका वाढतोय आणि माणूस धडधाकट हलू शकतोय, अशा वेळी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

हेल्मेटचा नियम सोपा. श्वास नीट आहे, तोंडापर्यंत पोचता येतंय, तर राहू द्या, फक्त काच वर करा. श्वास तपासता येत नसेल, उलटी होत असेल किंवा सीपीआर द्यायचा असेल तर काढाच. दोघं लागतात: एक जण खालून मानेला आणि जबड्याला आधार देतो, दुसरा पट्टा सोडून किंवा कापून, दोन्ही कडा बाहेर फाकवून आधी नाकावरून आणि मग डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून हेल्मेट सरकवतो. निघाल्यावर डोकं धाडकन खाली जाऊ द्यायचं नाही.

पाण्याबद्दल तुमच्या पुस्तकात बुडालेल्या प्रत्येकाच्या मानेला इजा धरा असं लिहिलेलं असेल तर ते सुधारा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाण्यातून काढलेल्या २,२४४ जणांपैकी फक्त ११ जणांच्या मानेला इजा होती, आणि त्या सगळ्यांच्या बाबतीत सूर मारणं, उंचावरून पडणं असं काहीतरी घडलेलं होतं. बुडणाऱ्याचा शत्रू ऑक्सिजनची कमतरता आहे. त्याला आधी बाहेर काढा आणि श्वास द्या. पण उथळ पाण्यात सूर मारून पालथा तरंगणारा तरुण दिसला तर मानेची शंका पक्की. त्याचे दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन दंडांमध्ये डोकं दाबून धरा आणि तसंच उताणं करून तोंड पाण्याबाहेर आणा. श्वास चालू असेल तर मदत येईपर्यंत पाण्यातच तरंगत धरता येतं. पाणी इथे उत्तम स्ट्रेचर आहे.

रुग्णवाहिका येणारच नाही अशा जागाही जगात खूप आहेत, आणि त्यांच्यासाठी तुमच्या पुस्तकात काहीच नसतं. तिथे दार, फळी असं काहीतरी ताठ घ्या, त्यावर घडी केलेलं पांघरूण टाका, माणसाला वर सांगितल्याप्रमाणे एकत्र वळवून त्यावर घ्या. आधी धड बांधा, मग पाय, डोकं सर्वांत शेवटी. डोकं आधी बांधलं आणि धड घसरलं तर मान पिळवटते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कपड्यांच्या गुंडाळ्या लावल्या तरी एक माणूस धरायला हवाच. बेशुद्ध असेल तर कुशीवरच न्या. मागच्या खिशातलं पाकीट, किल्ल्या, मोबाइल काढून टाका. ज्या भागात संवेदना नाही तिथे किल्ली रुतली तरी त्याला कळत नाही, आणि पोचेपर्यंत तिथे जखमेची सुरुवात झालेली असते. अशी पहिल्या दिवसाची जखम भरायला आम्हाला कित्येक आठवडे लागतात. खाली घातलेली ताठ फळीही म्हणूनच पोचल्याबरोबर काढायची.

वाट पाहताना पांघरूण घाला, कारण इजेच्या खालचं शरीर स्वतःला ऊब देऊ शकत नाही. पाणी, चहा काही नाही. आणि घड्याळ बघा. पडल्यावर पाय हलत होते का, कधी थांबले, बधिरपणा आधी कुठपर्यंत होता आणि आता कुठे आहे, हे रुग्णवाहिकेतल्या माणसाला सांगायला शिकवा. बधिरपणा वर सरकतोय ही बातमी सर्जनच्या दृष्टीने सोन्याची असते, आणि ती फक्त तिथे उभ्या असलेल्या माणसाकडेच असते. अपघात झालेल्या माणसाला ‘काही नाही झालं, उद्या चालायला लागाल’ असं म्हणू नका. तो ते वाक्य विसरत नाही. ‘मी इथेच आहे, डोकं मी धरलंय, मदत निघाली आहे’ यातलं सगळं खरं असतं आणि तेवढं पुरतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दीड कोटीहून जास्त माणसं मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. त्यांतल्या अनेकांच्या बाबतीत अपघाताच्या जागी पहिला हात कुठल्या तरी सामान्य माणसाचा लागलेला असणार.

वेळ नाही ही तुमची अडचण मला माहीत आहे. म्हणून कॉलरचा भाग काढून टाका आणि तो वेळ सरावाला द्या. प्रत्येकाने एकदा जमिनीवर पडून पूर्ण दहा मिनिटं दुसऱ्याचं डोकं धरावं, आणि एकदा स्वतः झोपून कुणाला तरी धरू द्यावं. कान झाकले की कसं वाटतं, हात सरकला की मान किती हलते, हे झोपल्यावरच कळतं. प्रत्येकाने एकट्याने एकदा कुशीवर वळवून दाखवावं, आपल्यापेक्षा जड माणसाला. हे तुमच्या वर्गात आधीच होत असेल तर किती वेळात बसवता आणि मोठ्या तुकडीत कसं जमवता, ते जरूर कळवा. बाकीच्यांना दाखवायला मला उदाहरण हवंच आहे.

आपली,
मज्जारज्जू पुनर्वसनात काम करणारी एक फिजिओथेरपिस्ट